ग्रीसचा पास्खा आणि आपली आखाजी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील संक्रांत स्नेहमेळाव्यात, जानेवारी २०२६ मध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



तिळगूळ वाटून झाला आहे. मागच्या बाजूला भरताची वांगी भाजायला घेतली आहेत आणि तो वास इथपर्यंत येतो आहे. म्हणजे मी किती वेळ बोलायचं हे माझ्या हातात नाही, तुमच्या पोटाच्या हातात आहे. पण एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं आहे. मधल्या सुट्टीच्या आधीचा तास कसा घ्यायचा हे मला ठाऊक आहे.

सेक्रेटरी भाऊंनी मला विषय दिला, “ताई, तुम्ही ग्रीसला जाऊन आल्या, त्याबद्दल दोन शब्द सांगा.” गेल्या एप्रिलमध्ये आम्ही दोघं तेरा दिवस तिकडे होतो. परत आल्यापासून प्रत्येकाने मला जिन्यात, दळणाच्या रांगेत, नळावर गाठून एकच प्रश्न विचारला, “तिथं खायला काय मिळालं?” त्यामुळे आज सगळ्यांना एकदाच उत्तर देते. आणि शेवटी सोसायटीपुढे एक मागणंही मांडणार आहे. तेव्हा भरीत झालं तरी कोणी उठायचं नाही.

आधी ग्रीसच का, ते सांगते. आमची धाकटी जर्मनीत स्टुटगार्टला नोकरीला आहे, हे तुम्हाला माहीत आहे. तिच्याच ऑफिसात एक ग्रीक मुलगा काम करतो. त्याचं गाव नाफ्प्लियो, अथेन्सपासून बसने दोन-अडीच तास. समुद्रकाठचं जुनं, टुमदार गाव. तो दर वर्षी ईस्टरला घरी जातो. त्याच्या आईने निरोप धाडला, “तुझ्या मैत्रिणीच्या आई-वडिलांना घेऊन ये.” एवढ्या निरोपावर आमचे हे तयार झाले. एरवी ह्यांना भुसावळला लग्नाला न्यायचं तरी चार दिवस विनवण्या कराव्या लागतात.

ग्रीसचा व्हिसा म्हणजे शेंगेन व्हिसा. माणशी ९० युरो फी, आणि किमान ३०,००० युरोचा प्रवासविमा लागतो. बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जावं लागतं. जळगावहून रात्रीच्या गाडीने गेलो, ठसे दिले, संध्याकाळी परत निघालो. एप्रिलच्या मध्यावर आखाती देशात विमान बदलून अथेन्सला उतरलो. इथे आपल्याकडे पंखासुद्धा गरम हवा मारत होता, आणि तिथे मला स्वेटर काढावा लागला. डोंगरउतारावर लाल पॉपीची फुलं, संत्र्यांच्या झाडांना बहर. अथेन्सच्या रस्त्यांवर संत्र्यांची झाडं आपल्याकडच्या कडुनिंबांसारखी लावली आहेत. फळं खाली पडलेली, पण कोणी उचलत नाही. ती कडू जातीची असतात म्हणे. ह्यांनी तरी एक चाखून बघितलंच!

पहिली गंमत भाषेची. सगळ्या दुकानांच्या पाट्यांवर गणिताच्या पुस्तकातली अक्षरं! पाय, थीटा, सिग्मा, डेल्टा. नववीच्या पोरांना भूमिती शिकवताना जी अक्षरं फळ्यावर लिहिली, त्यांत तिथे बेकरीवाल्याने आपलं नाव लिहिलेलं. दुसरी गंमत अशी, की ग्रीक भाषेत ‘होय’ला ‘ने’ म्हणतात. मी दुकानात बोटाने दाखवलं, “हे घेऊ का?” तो म्हणाला, “ने, ने.” मी मनात म्हटलं, काय उदार माणूस आहे, फुकट ‘ने’ म्हणतोय! आणि ‘नाही’ म्हणायचं असलं की तोंडाने काही बोलत नाहीत, नुसती मान वर उडवून ‘च्च’ करतात. आपण हाताचा पंजा दाखवून ‘थांबा’ म्हणतो, तसं मात्र तिथे चुकूनही करायचं नाही. समोरच्यापुढे पाच बोटं पसरणं ही तिथे शिवी आहे. ह्यांना रस्ता ओलांडताना गाड्यांना पंजा दाखवायची सवय. तीन दिवस मी ह्यांचा हात घट्ट धरून चालले. लेकीला वाटलं, आई-बाबांचं परदेशात जाऊन फारच प्रेम वाढलं!

ही भाषा आपल्याला अगदीच परकी मात्र नाही. ‘दाम’ हा शब्द ग्रीकांच्या द्राख्मा नाण्यावरून आलेला आहे. द्राख्माचा संस्कृतात द्रम्म झाला, द्रम्मचा दाम झाला. युरो आल्यावर २००२ मध्ये ग्रीकांचा द्राख्मा बंद पडला, पण आपल्या दामदुपटीत तो अजून चालू आहे. ‘केंद्र’ हा शब्द ग्रीक ‘केंत्रोन’वरून आला, पत्रिकेतली ‘होरा’ही तिकडचीच. दोन हजार वर्षांपूर्वी यवन, म्हणजे ग्रीक लोक, आपल्याकडे येऊन राहिलेले होते. कार्ल्याच्या लेण्यातल्या खांबांवर यवन दात्यांची नावं कोरलेली आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यातलं एक लेणं तर इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने खोदवलं. यवन माणूस, नाव इंद्राग्निदत्त, आणि दान बौद्ध भिक्खूंना. तेव्हा लोक एकमेकांच्या सणावारात शिरायला आत्ताइतके कचरत नव्हते, असं दिसतं.

अथेन्सला अक्रोपोलिसची टेकडी पाहिली. तिच्यावर पार्थेनॉन, म्हणजे अथीना देवीचं देऊळ. इसवी सन पूर्व ४४७ मध्ये बांधायला घेतलं. पंधरा वर्षांत शिल्पकामासकट पूर्ण झालं. आपल्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला किती वर्षं लागली, ते मी इथे काढत नाही. तिकीट ३० युरो, आणि तिकिटावर वेळ लिहिलेली असते, त्याच वेळी आत जायचं. वरचा संगमरवर पायांनी झिजून आरशासारखा गुळगुळीत झाला आहे, म्हणून ज्यांना जायचं त्यांनी तळवा धरून ठेवणारे बूट न्यावे. माझे गुडघे तुम्हाला माहीत आहेत. मी चढले. हळूहळू चढले, पण चढले.

देऊळ दोन हजार वर्षं टिकलं आणि १६८७ साली एका दिवसात फुटलं. तुर्कांनी आत दारूगोळा साठवला होता, त्यावर व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा पडला. उरलेल्या मूर्तींपैकी बऱ्याच लॉर्ड एल्गिनने उतरवून नेल्या, आणि १८१६ मध्ये त्या ब्रिटिश सरकारला विकल्या. त्या अजून लंडनमध्येच आहेत. टेकडीच्या पायथ्याशी २००९ मध्ये नवं संग्रहालय झालं. तिथे मूळ दगड पिवळसर दिसतात, आणि जे दगड लंडनला आहेत त्यांच्या जागी पांढऱ्या प्लॅस्टरच्या प्रती लावल्या आहेत. हरवलेली वस्तू लपवायची नाही, तिची जागा राखून ठेवायची, ही त्यांची रीत मला फार आवडली. आपल्या अजिंठ्याची चित्रं उतरवण्यात रॉबर्ट गिल यांनी आयुष्य घालवलं, आणि त्यांच्या कितीतरी प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. ते गिलसाहेब भुसावळला पुरलेले आहेत. आपल्यापैकी किती जणांनी ती कबर पाहिली आहे? हात वर करा. बघा, दोनच हात.

संसदेसमोर पहारेकरी उभे असतात, त्यांचा पोशाख मुलांना सांगते. चुण्यांचा पांढरा घागरा. त्याला ४०० चुण्या, तुर्की राजवटीच्या चारशे वर्षांची आठवण म्हणून, असं सांगतात. पायात खिळे ठोकलेले जड जोडे, आणि जोड्यांच्या टोकावर काळे गोंडे. हसू येतं, पण त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. तिथून जवळच सगळं संगमरवराचं एक स्टेडियम आहे. १८९६ मध्ये आधुनिक ऑलिंपिक पहिल्यांदा तिथे झालं. त्यात मॅरेथॉन जिंकली ती स्पिरिदोन लुईस या पाणी वाहणाऱ्या माणसाने. पोरांनो, पाणी भरायला सांगितलं की तोंड वाकडं करू नका!

आता खाण्याचं. आम्ही दोघं शाकाहारी. निघताना मी निम्मी बॅग दशम्या, मेतकूट, शेंगदाणे, तिखट आणि कळण्याच्या पिठाने भरली होती. पण आम्ही गेलो तो त्यांचा पवित्र आठवडा होता. ग्रीक लोक ईस्टरला पास्खा म्हणतात, आणि त्याआधी चाळीस दिवसांहून जास्त उपास धरतात. त्या उपासाला मांस चालत नाही, अंडं चालत नाही, दूध-दही-लोणीसुद्धा चालत नाही. आपल्या उपासाला बटाटा चालतो आणि कांदा चालत नाही, तसं त्यांच्याकडे मासा चालत नाही पण कोळंबी आणि अष्टपाद चालतो, कारण त्याला रक्त नसतं म्हणे. उपास म्हटला की पळवाटा सगळीकडेच! पण त्यामुळे प्रत्येक खाणावळीत ‘निस्तीसिमा’, म्हणजे उपासाचे पदार्थ वेगळे मांडलेले. शाकाहारी माणसाने ग्रीसला जायचं तर पास्ख्याच्या आधी जावं, असा माझा सल्ला आहे.

काय काय खाल्लं सांगते. द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळून केलेल्या दोल्मादेस, आपल्या अळूवडीच्या चुलत बहिणी. टोमॅटोत शिजवलेले मोठे पांढरे वाल, त्यांना ‘गिगांतेस’ म्हणतात. ‘होर्ता’ म्हणजे रानभाजी, नुसती उकडून वर ऑलिव्ह तेल आणि लिंबू. आपल्या तांदुळजा-चिवळ्याची आठवण झाली. आणि एक दिवस वाटीत काय आलं? भाजलेल्या वांग्याचं भरीत! लसूण, लिंबू, ऑलिव्ह तेल. ‘मेलित्झानोसलाता’ असं लांबलचक नाव, पण आहे भरीतच. मिरची नाही, दाणे नाहीत, कांद्याची पात नाही. ह्यांनी एक घास खाल्ला आणि म्हणाले, “पोरगी चांगली आहे, पण खानदेशात दिली पाहिजे.”

गुरुवारी आम्ही बसने नाफ्प्लियोला निघालो. वाटेत कॉरिंथचा कालवा लागतो. डोंगर उभा चिरून सहा किलोमीटरच्या वर लांबीचा कालवा काढला आहे. १८९३ मध्ये सुरू झाला. पुलावरून खाली बघितलं की पोटात गोळा येतो. नाफ्प्लियो हे स्वतंत्र ग्रीसच्या पहिल्या राजधानीचं गाव. १८३४ मध्ये राजधानी अथेन्सला हलली आणि हे गाव पुन्हा आपल्यासारखं तालुक्याचं झालं. वर पालामिदीचा किल्ला. लोक म्हणतात त्याला ९९९ पायऱ्या आहेत. आम्ही मोजल्या नाहीत, आम्ही टॅक्सीने गेलो. तिथल्या बागेत जुनं रेल्वे स्टेशन आहे. गाडी येणं बंद झालंय, पण इंजिन आणि डबे जपून ठेवले आहेत आणि पोरं त्यांच्यावर चढून खेळतात. मला आपली पी.जे. आठवली. पाचोऱ्याहून जामनेरला येणारी ती छोटी गाडी आपल्यातल्या कितीतरी जणांची शाळा, बाजार, माहेर सगळं होती. ब्रॉडगेज होते आहे हे चांगलंच आहे. पण एखादा जुना डबा आपल्या गावात कुठेतरी मुलांना चढायला उभा असावा, असं मला वाटतं.

एपिदौरोसचं खुलं नाट्यगृहही पाहिलं. इसवी सन पूर्व चौथ्या शतकातलं. साधारण १४,००० माणसं बसतील एवढं मोठं, आणि माईक नाही. मी सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन बसले. हे खाली मधोमध उभे राहून अगदी हळू म्हणाले, “उतर आता, बस निघेल.” मला स्पष्ट ऐकू आलं! घरात स्वयंपाकघरातून हॉलमध्ये मी ओरडले तरी ह्यांना ऐकू जात नाही, ते वेगळं.

आता त्या घराविषयी. त्या मुलाच्या आईला सगळे ‘याया’ म्हणतात, म्हणजे आजी. वय पंचाहत्तरच्या पुढे. मीही याया म्हणू लागले. तिला ग्रीकशिवाय काही येत नाही, मला मराठीशिवाय धड काही येत नाही. तरी दोन दिवसांत तिच्या फडताळात पीठ कुठे, डाळ कुठे, हे मला कळलं होतं. दारात तुळशीच्याच जातीच्या रोपाची कुंडी. ते ती खायला वापरत नाही, देवळात तीर्थ शिंपडायला ते रोप लागतं. नातवाचं कोणी कौतुक केलं की याया ‘फ्तू फ्तू फ्तू’ असं तीनदा खोटंखोटं थुंकणार. दृष्ट लागू नये म्हणून! मी तिला खुणेने मीठ-मोहऱ्या ओवाळून दाखवल्या, तिला लगेच समजलं.

गुरुवारी तिने अंडी लाल रंगवली आणि ‘त्सुरेकी’ नावाचा वेणीचा गोड पाव भाजला. गुड फ्रायडेला दिवसभर देवळांच्या घंटा संथ वाजत होत्या. त्या दिवशी तेलसुद्धा नाही. नुसता उकडलेला मसूर आणि त्यावर सिरका. बायकांनी देवळात ख्रिस्ताच्या तिरडीला फुलांनी असं मढवलं होतं, की लाकूड दिसत नव्हतं. रात्री ती खांद्यावर घेऊन मिरवणूक निघाली. वेगवेगळ्या देवळांच्या मिरवणुका, मागे हातात मेणबत्त्या घेतलेले लोक, गॅलरीत दिवे. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. धर्म आपला नाही, भाषा कळत नाही, तरी माझे डोळे भरून आले. गेलेल्या माणसाला गाव पोचवतं आहे, एवढं तर कळतंच ना.

शनिवारी मध्यरात्री सगळे देवळासमोर जमले. बरोबर बाराला सगळे दिवे बंद झाले. काळोख. मग आतून पुजारी एक ज्योत घेऊन बाहेर आला. त्या ज्योतीवरून पहिल्याने मेणबत्ती लावली, त्याच्यावरून दुसऱ्याने, आणि बघता बघता सगळं पटांगण उजळलं. ही मूळ ज्योत त्याच दिवशी जेरुसलेमहून विमानाने अथेन्सला येते, आणि परदेशी राष्ट्रप्रमुख आल्यासारखं तिचं स्वागत होतं. मग एक म्हणतो, “ख्रिस्तोस अनेस्ती,” ख्रिस्त उठला. दुसरा उत्तर देतो, “अलिथोस अनेस्ती,” खरंच उठला. ती ज्योत न विझवता घरी न्यायची. वारा होता. सगळा रस्ता हाताचा आडोसा करून चालत होता, म्हातारे, पोरं, सगळे. घरी आल्यावर यायाने त्या ज्योतीच्या धुराने दाराच्या चौकटीवर वर क्रूस काढला. वर पाहिलं तर तिथे मागच्या वर्षांच्या काजळीच्या खुणा होत्या. एकीवर एक. आपल्या उंबऱ्याच्या हळदीकुंकवासारख्या.

मग लाल अंडी एकमेकांवर आपटायची. ज्याचं फुटणार नाही त्याचं वर्ष चांगलं. मी अंडं खात नाही, पण आपटायला काय हरकत? माझं शेवटपर्यंत फुटलं नाही. ते याया देवघरात ठेवते म्हणाली.

रविवारी, २० एप्रिलला, अंगणात अख्खं कोकरू सळईवर. गल्लीत प्रत्येक अंगणातून धूर. यायाने आमच्यासाठी वाऱ्याच्या उलट बाजूला वेगळं टेबल मांडलं होतं, हे न सांगता केलं होतं. मी म्हटलं, आता मी भरीत करते. तिने अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात द्राक्षवेलीच्या छाटलेल्या वाळक्या काड्या पेटवून दिल्या. आपण कपाशीच्या काड्यांवर भाजतो, तशीच ती आग, भरकन पेटणारी. बडगी नव्हती, लाकडी परातीत मुसळीच्या जागी लाटणं घेऊन ठेचलं. कळण्याच्या भाकरी थापल्या. तिथल्या बावीस माणसांत भरीत दहा मिनिटांत संपलं. एका मामाच्या डोळ्यांतून तिखटाने पाणी आलं, पण वाटी सोडली नाही त्याने!

त्या बावीस जणांत कोण होतं, ते ऐका. आमच्या लेकीचा सहकारी स्टुटगार्टहून आलेला. त्याची बहीण अथेन्सहून, भाऊ मेलबर्नहून. ग्रीसमध्ये २००९ नंतर मोठं आर्थिक संकट आलं आणि तरुण मुलं देश सोडून गेली. गावं म्हाताऱ्यांची झाली. पण पास्ख्याला अथेन्स रिकामं होतं आणि गावं भरतात. हा दिवस चुकवायचा नाही, एवढं त्यांनी ठरवून टाकलं आहे.

जेवताना यायाने लेकीमार्फत मला विचारलं, “तुमच्याकडे लेकरं कुठल्या सणाला घरी येतात?” मी म्हटलं, “आमच्याकडे आखाजी. सासरच्या लेकी माहेरी येतात.” मी एवढंच बोलले. पण आमची लेक भाषांतर करायला लागली ती थांबेचना. निंबाच्या झाडाला झोका कसा बांधतात, गौराई कशी मांडतात, सांजोऱ्या, आमरस, खापरावरची पुरणपोळी, पितरांच्या नावाने घागर कशी भरतात, दुपारी उन्हात मुली कशा गाणी म्हणतात. मला इंग्रजी थोडं कळतं. ती आपल्याच सोसायटीबद्दल सांगत होती. गेटजवळच्या आपल्या कडुनिंबाबद्दल. सहा मुली होत्या त्या वेळी, एकाच वयाच्या. त्यांतल्या तिघींच्या आया इथे समोर बसल्या आहेत. याया म्हणाली, घागरीसारखंच आम्ही मेलेल्यांसाठी गहू उकडून साखर घालून देवळात वाटतो. आणि मग तिने लेकीला विचारलं, “मग तू जातेस का?”

लेक गप्प झाली. सात वर्षं ती आखाजीला आलेली नाही. रात्री मी तिला म्हटलं, “तुला सगळं लक्षात आहे गं.” ती म्हणाली, “आई, लक्षात आहे म्हणूनच येत नाही. दिवाळीला येते, तेव्हा सगळे असतात. आखाजीला येऊन करू काय? झोका नाही, कोणी येत नाही. तुम्ही दोघं टीव्ही लावून बसता. मी कोणासाठी रजा टाकू?”

ती रागावून बोलली नाही, म्हणून जास्त लागलं. मी इतके दिवस समजत होते की लेकरं लांब गेली म्हणून सण बंद पडला. तिचं म्हणणं उलटं होतं. सण बंद पडला, म्हणून यायला कारण उरलं नाही.

परत आल्यावर मी सोसायटीची जुनी इतिवृत्तं बघायला मागितली. सेक्रेटरी भाऊंनी कुरकुर न करता दिली, त्यांचे आभार. पार्किंगचे ठराव आहेत, मेंटेनन्सचे आहेत, पाण्याच्या मोटारीचे तर सत्तावीस आहेत. झोका बंद करायचा ठराव एकही नाही. कोणीच बंद केला नाही. एका वर्षी दोर जुना झाला, एका वर्षी परीक्षा होत्या, एका वर्षी कोणाकडे सुतक होतं, मग कोरोना. असाच गेला तो.

त्या ग्रीक मुलाने मला आणखी एक गोष्ट सांगितली, ती सहकारवाल्यांनी ऐकावी. थेसली प्रांतात आंबेलाकिया नावाचं डोंगरातलं गाव आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी तिथल्या लोकांनी एकत्र येऊन कापसाचं सूत लाल रंगवून युरोपभर विकण्याची मंडळी काढली. पुष्कळ जण तिला जगातली पहिली सहकारी संस्था म्हणतात. कापूस पिकवणाऱ्या आपल्यासारख्यांना ऐकून बरं वाटलं. ती बुडाली कशी? इंग्लंडचं यंत्राचं स्वस्त सूत आलं, व्हिएन्नाच्या बँकेत पैसे अडकले, हे तर झालंच. पण त्याआधी आपसातली भांडणं होती. मी म्हटलं, हे मात्र अगदी आपल्यासारखं! आपली सोसायटी पंचवीस वर्षं टिकली, भांडत भांडत का होईना टिकली, त्यात ज्यांनी रात्रीबेरात्री मोटार दुरुस्त करून आणली, ज्यांनी पदरचे पैसे घालून कोर्टाच्या तारखा केल्या, त्या सगळ्यांचा वाटा आहे. इमारत उभी ठेवली आपण. आता तिच्यात यायला कारणही उभं ठेवलं पाहिजे.

तेव्हा माझं मागणं असं. येत्या १९ एप्रिलला आखाजी आहे, आणि त्या दिवशी रविवार आहे. गेटजवळच्या जागेत पेव्हर ब्लॉक बसवायचा विषय पुढच्या सभेत येणार आहे. जरूर बसवा, चिखल होतो हे खरं आहे. पण कडुनिंबाभोवती दहा फूट माती मोकळी ठेवा, आणि गाड्यांना आड येते म्हणून त्याची ती आडवी फांदी तोडू नका. त्याच फांदीला झोका बांधता येतो. दोर मी आणते. पुरणपोळीला खापर माझ्याकडे आहे, मांडे करणाऱ्या दोघी जणी आपल्यात अजून आहेत, त्यांच्याकडून तरुण सुनांनी त्या दिवशी शिकून घ्यावं. आणि प्रत्येक घराने आपापल्या लेकीला आजच फोन करावा. तीन महिने आधी कळलं तर रजा मिळते, विमानाचं तिकीट स्वस्त पडतं. येतील का सगळ्या? नाही येणार. पहिल्या वर्षी दोन येतील. यायाच्या चौकटीवरची काजळी काही एका वर्षात बसली नव्हती.

आमच्या धाकटीला मी कळवलं आहे. तिने अजून तिकीट काढलेलं नाही. “आधी झोक्याचा फोटो पाठव,” असं म्हणाली. म्हणजे आता विषय सभेच्या हातात आहे.

भरीत तयार आहे असा निरोप आलाय. आज कांद्याची पात, दाणे, हिरवी मिरची, सगळं आहे त्यात.